दाराआडची जागा

१४ फेब्रुवारी १९८३, सोमवार

ही डायरी लातूरच्या एका आडतवाल्यानं दिली. तारखा छापील आहेत, म्हणजे खाडा केला की कोरं पान आपल्याकडे बघत राहतं. बघू किती दिवस नेटानं लिहितो ते.

आज या गावी रुजू झालो. औशापासून दोन कोस, एसटी फक्त फाट्यापर्यंत. शाळा एका खोलीची, पहिली ते चौथी, पट अडतीस. हेडमास्तर मीच, शिपाईही मीच. हजेरीपटावर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेलं आहे. आधीच्या गुरुजींनी त्यावर काट मारून 'लातूर' लिहिलंय. जिल्हा नवा झाला, पाऊस मात्र जुन्याच जिल्ह्यात राहिला. आड आटले आहेत. सरपंच शेषेराव यांच्या विहिरीवरून रोज दोन घागरी येतात आणि व्हरांड्यातल्या रांजणात पडतात. त्यावर अडतीस पोरांनी दिवस काढायचा. माझी राहायची सोय शेषेरावांच्याच माडीवर आहे.

खोलीला एकच दार, जुन्या सागवानाचं, भलं थोरलं. ते आत उघडतं आणि दगड लावून भिंतीकडे टेकवून ठेवतात. त्याच्या मागे कोपऱ्यात एक पोर मावेल एवढी जागा उरते. तिथं मोडकी घंटा ठेवली आहे.

पहिल्याच दिवशी मुलांना माझी करामत दाखवली. मी हजेरी कानानं घेतो. मान खाली, पेन चालू, 'हजर' ऐकलं की खूण. अठ्ठावीस वर्षांत मान वर करावी लागली नाही.

२१ फेब्रुवारी, सोमवार

आज सगळ्यांच्या देखत छडी मोडली. पोरं टाळ्या वाजवायच्याही विसरली.

इथली पोरं एकमेकांना फार छळतात. टोपणनावं, चिमटे, पाट्या फोडणं. त्यावर छडी म्हणजे आगीवर रॉकेल. मी बिनमाराची शिक्षा काढली आहे: अबोला. जो चुकेल त्यानं दाराआड बसायचं. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्याकडे बघायचं नाही, तो नाहीच असं समजायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हातानं गुळाचा खडा देईन आणि म्हणेन, 'सुटला.' गूळ मिळेपर्यंत अबोला. गुळाचा डबा कपाटात ठेवला आहे.

पहिला मान मॉनिटर शिवप्पाला मिळाला. चौथीतला दांडगा पोरगा, पण अर्ध्या दिवसात रडकुंडीला आला. सकाळी गूळ खाताना हसत होता. याला म्हणतात शिक्षण.

रात्री जेवताना शेषेरावांना सांगितलं. ते खूश झाले. म्हणाले, "गुरुजी, हे लई जुनं औषध हाय. आमच्या वाडवडलांला ठावं हुतं. आमच्या गावाला हे शिकवाय नको." खेड्यातल्या माणसात किती उपजत शहाणपण असतं!

२८ फेब्रुवारी, सोमवार

पाण्याचा नियम आहे: रांजणाला हात फक्त शिवप्पानं लावायचा. तो ओगराळ्यानं वरून पाणी ओततो, बाकीच्यांनी ओंजळ धरायची. पाणी वाया जात नाही. नियम आधीपासूनचा आहे, मी फक्त चालू ठेवला.

आज तेवीस नंबर, पंचफुला, चौथीतली, हिनं स्वतः ओगराळं बुडवून पाणी घेतलं. एकच गलका झाला. विचारलं तर म्हणते, "शिवप्पा माझ्या ओंजळीत ओततच न्हाई, बाजूला सांडतो." शिवप्पा म्हणाला, तिचीच ओंजळ गळते. दुष्काळात पाण्याचा नियम मोडला, तिथं मी काय करणार? दाराआड बसवली. खरं तर वाईट वाटलं. वर्गात गणिताला तिच्या तोडीचं कुणी नाही. मी जात मानत नाही. तिची मला पटावरूनच कळली, कुणाला विचारली नाही.

उद्या पहाटे लातूरला जायचं आहे, नव्या जिल्ह्याची मुख्याध्यापकांची बैठक. परत येईपर्यंत शाळा शिवप्पा सांभाळेल; किल्ली त्याच्याकडेच असते, सकाळ-संध्याकाळ दार तोच उघडतो, लावतो.

७ मार्च, सोमवार

परवा परतलो. बैठक एका दिवसाची होती, पण भावाकडे पाहुणे येणार होते म्हणून शनिवारपर्यंत राहिलो. कचेरी भाड्याच्या इमारतीत आहे, खुर्च्या अजून यायच्या आहेत. आम्ही सतरंजीवर बसून 'शाळेतील गळती' या विषयावर चार तास ऐकलं. एकही मूल शाळेबाहेर राहता कामा नये, असं ठरलं.

माझ्या मागे शाळा इतकी शिस्तीत चालली की मीच चकित झालो. पोरं शांत आहेत. जरा जास्तच शांत आहेत. आज हजेरी घेताना तेवीस नंबरवर सगळा वर्ग एकदम खोकला. इतक्या धुळीत खोकला यायचाच. मग शिवप्पा म्हणाला, "न्हाई आली." मागच्या आठवड्यातही त्यानं पेन्सिलीनं तिचे पाचही दिवस गैरहजर लावले आहेत. आता गळतीचा धडा आमच्याच शाळेत.

९ मार्च, बुधवार

दुसरीतली गुणा मधल्या सुट्टीत कपाटापाशी घुटमळत होती.

"गुरुजी, गूळ सरला का?"

"का गं खादाड? जेवली नाहीस?"

"मला नगं..." असं म्हणून तिनं दाराकडे पाहिलं आणि पळाली. एवढीशी आहे, पण जीभ भारी चटावलेली. डबा उघडून पाहिला तर मुंग्या लागल्या होत्या. झाकण घट्ट लावून ठेवलं.

११ मार्च, शुक्रवार

काल शाळा सुटायच्या वेळी फळ्यावर पाच उदाहरणं घातली होती. चौथीला अवघडच होती. आज सकाळी पाहतो तर पाचही सोडवलेली, अक्षर बारीक आणि तिरकं, उत्तरं अचूक.

"कुणी केलं?"

कुणी बोलेना. परत विचारलं. शिवप्पा उभा राहिला. "कुणीच न्हाई, गुरुजी."

"मग खडू आपोआप चालला?"

कुणी हसलं नाही. माझ्या विनोदाला पोरं हसत नाहीत असं सहसा होत नाही. तेवीस नंबरला पुन्हा खोकला. सगळी एकदम खोकतात आणि एकदम थांबतात.

१४ मार्च, सोमवार

लिहू की नको? लिहितो.

दुपारी सुट्टीत पोरं लिंबाखाली गेली. मी व्हरांड्यात जरा पाठ टेकली होती. आतून पाढा ऐकू आला. बारीक आवाज, एका सुरात. "एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर." वाटलं, झोपेत ऐकतोय. नीट कान दिला. मग एकोणतीस साते दोनशे तीन. बरोबर होतं. उठून दारात उभा राहिलो. खोली रिकामी. आवाज बंद.

मी अजून वर्गाला पंचविसाच्या पुढं नेलेलं नाही.

पन्नाशी उलटलेल्या, देव-भूत न मानणाऱ्या मास्तरच्या अंगावर भर दुपारी काटा आला, हे या वहीखेरीज कुणाला सांगणार नाही.

१५ मार्च, मंगळवार

पंचफुलाची आजी धुरपताबाई आली होती. व्हरांड्याच्या पायरीखालीच उभी राहिली. वर ये म्हणालो तर नको म्हणाली.

"गुरुजी, लेकरू घरी बोलंना झालंय. भाकर देली तर खातंय, न्हाई देली तर बसतंय. शाळंत काय हुतंय का?"

"आजी, ती शाळेत येते कुठे? पंधरा दिवस झाले, पत्ता नाही."

म्हातारी माझ्याकडे बघत राहिली. "रोज येऊलालीय की. सगळ्याच्या आदी दप्तर घिऊन निघती. सगळ्याच्या मागून घरी येती. आली की घागरीला तोंड लावून पाणी पिती, ढोरावानी."

मी समजावलं की पोरगी खोटं बोलते आहे. रानात, ओढ्यात कुठं तरी हिंडत असेल, लक्ष ठेवा. म्हातारीनं दाराकडे एकदा पाहिलं आणि गेली. तिच्या पायाचा ठसा पायरीखालच्या धुळीत अजून आहे. तो का मोडवत नाही कुणास ठाऊक.

१७ मार्च, गुरुवार

रांजणापाशी एक पोरगी उभी दिसली. पाठमोरी, ओंजळ पुढं केलेली. शिवप्पा तिच्या पलीकडच्या पोराला पाणी देत होता, मग तिच्या अलीकडच्या. मधल्या जागेवरून ओगराळं असं पुढं गेलं की तिथं हवाच असावी.

मी हाक मारली, "शिवप्पा, ती कोण रे?"

"कुठं, गुरुजी?"

"तुझ्यासमोर."

त्यानं समोर पाहिलं. रांगेतल्या सगळ्यांनी पाहिलं. "हितं कुणी न्हाई, गुरुजी."

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहतो तर खरंच कुणी नव्हतं. डोळे तपासून घ्यायला हवेत. लातूरला गेलो होतो तेव्हाच हे सुचायला हवं होतं.

१८ मार्च, शुक्रवार

शेवटी शेषेरावांना सांगितलं. ते जेवता जेवता थांबले. म्हणाले, बहात्तरच्या दुष्काळात या खोलीत खडी फोडणाऱ्या कामगारांचा तळ होता. एक पोरगी पाणी पाणी करत तिथंच गेली, दाराच्या मागं. "कुणाच्या टोळीतली हुती म्हाईत न्हाई. तिला पाणी द्यावं का न्हाई ह्याचाच काथ्याकूट चालला हुता." मग भात कालवत म्हणाले, "नारळ फोडा. इषय संपला."

२० मार्च, रविवार

काल नारळ फोडला. माझं मलाच हसू आलं, पण फोडला. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, खोबरं मुलांना वाटलं. सदतीस तुकडे केले, सदतीस हात पुढं आले. दाराच्या बाजूला पाठ करूनच वाटलं, उगाच कशाला तिकडे बघा. वाटून झाल्यावर गुणा रडत होती. तुकडा हातात तसाच धरलेला. विचारलं तर म्हणाली, दात दुखतो.

२३ मार्च, बुधवार

घाईत लिहितोय, अक्षर लागलं तर लागेल.

दुपारी तीनच्या सुमारास वावटळ उठली. धूळ, पाचोळा सगळा आत आला. मुलं डोळे झाकून बसली. मी म्हणालो, दार लावून घ्या. कुणी उठलं नाही. अडतिसातली एक गेली तरी सदतीस पोरं होती, आणि दार लावायला एकही उठेना. मीच गेलो. दगड सरकवला. दार ओढलं.

कोपऱ्यात पंचफुला होती. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. ओठ फुटून पांढरे झालेले. डोळे अर्धे उघडे. मांडीशी पाटी, पाटीवर तेच बारीक तिरकं अक्षर. मोडक्या घंटेवर खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला होता, मुंग्या लागलेला. एक बाजू कुरतडलेली होती.

मी वळलो. सगळा वर्ग समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"ही कोण?" मी ओरडलो. "ही कोण आहे इथं?"

"कुणी न्हाई, गुरुजी," शिवप्पा म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता.

मग गुणा उठली आणि किंचाळली, "तुमी तिला गूळच देला न्हाई!"

२४ मार्च, गुरुवार

काल तिला खांद्यावर घेऊन फाट्यापर्यंत पळालो. एक ट्रक मिळाला. औशाच्या दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दुपार निघाली नसती. तिचं अंग तापलेल्या तव्यासारखं होतं. वाटेत ती एकच गोष्ट पुटपुटत होती, एकोणतीस नव्वे दोनशे एकसष्ट.

मी विसरलो. एवढंच. एक मार्चच्या पहाटे बैठकीला गेलो आणि गूळ द्यायचा विसरलो. अबोला एका दिवसाचा होता. पोरांनी माझा शब्द पाळला. आधी मी शिकवलं म्हणून, मग सवयीनं, मग मोडायची भीती वाटली म्हणून. ती 'हजर' म्हणायची तेव्हा सगळी खोकायची. मी मान खाली घालून पेन चालवत होतो.

वीस दिवस. त्यातले पंधरा मी स्वतः गैरहजर लावले आहेत.

तिचा बाप भीमा दवाखान्यात आला, रस्त्याच्या कामावरून तसाच. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो माझ्या शेजारी बाकावर बसला आणि म्हणाला, "माज्या बापाला गावानं तीन म्हैने वाळीत टाकलं हुतं. आडावर गेला की मान्सं आडात बघायची, बापाकडं न्हाई. त्यो म्हनायचा, दगुड मारला असता तर मी हाय असं तरी वाटलं असतं." मग बाकावरून उठत म्हणाला, "तुमी छडी मोडली त्या दिशी पोरगी लई खूश हुती, गुरुजी. घरी यून नाचली."

शेषेराव म्हणाले होते, आमच्या गावाला हे शिकवाय नको. मी ते शहाणपण समजलो होतो.

२५ मार्च, शुक्रवार

वर्गापुढं उभा राहून सांगितलं की चूक माझी आहे. गूळ मी विसरलो, हजेरी मी खोटी लावली. आजपासून अबोला नाही. पाणी द्यायला कुणी नेमलेला नाही, ज्याला तहान लागेल त्यानं ओगराळं घ्यावं.

शिवप्पा हमसून हमसून रडला. "मला म्हाईत हुतं तुमी इसरलाव. पर गुरुजीला कोन सांगनार?" आणि मग खाली बघून, "तिच्या ओंजळीत म्या खरंच ओतत न्हवतो. घरी सांगितलं हुतं, ओगराळं शिवू द्यायचं न्हाई."

दिवसभर रांजणाला कुणी हात लावला नाही. पाणी काठोकाठ तसंच.

कचेरीला पत्र लिहिलं. वीस दिवसांची हजेरी खोटी आहे, ती दुरुस्त करावी, आणि मुलीचे हाल माझ्यामुळे झाले, काय कारवाई करायची ती करावी.

शेषेराव म्हणाले, "गुरुजी, पोरगी वाचली, झालं. रांजणाचं कशाला उकरता? लोक पोरं काढून घेतील." मी म्हणालो, घेऊ देत. त्यांनी ताटातच हात धुतले. माडी सोडून पेटी शाळेत आणली आहे. घागरी त्यांच्याच विहिरीच्या, त्या किती दिवस येतात ते बघायचं.

२७ मार्च, रविवार

गुळाचा डबा घेऊन पंचफुलाच्या घरी गेलो. वस्ती शाळेपासून दोनशे पावलं आहे. सहा आठवड्यांत मी तिकडे एकदाही गेलो नव्हतो.

ती भिंतीला टेकून बसली होती. मी गुळाचा खडा पुढं केला. "सुटलीस, बाळ." तिनं माझ्याकडे पाहिलं, पण नजर माझ्या अंगावर थांबलीच नाही, माझ्यामागच्या उजेडाकडे गेली. मी नाव घेतलं, परत घेतलं. बाजूला सरकलो तरी तिची नजर हलली नाही. त्या घरात, दिवसाउजेडी, मला खरंच वाटलं की मी तिथं नाही. हात दुखेपर्यंत खडा धरून होतो.

"ती म्हणती, आता भ्या वाटत न्हाई," भीमा म्हणाला. "दिसतच न्हाई कुणाला तर भ्यायचं कशाला. मला मातर लई भ्या वाटतंय."

धुरपताबाईंनी माझ्या हातातून डबा काढून घेतला आणि नातीच्या मांडीशी ठेवला. "ह्यो हितंच ऱ्हाऊ द्या. कुणाला कवा द्यायचा ते ती बगंल."

४ एप्रिल, सोमवार

सकाळची शाळा सुरू झाली. घंटेआधी पंचफुला आली. दार मी बिजागरीतून काढून बाहेर भिंतीला लावून ठेवलंय, त्यामुळे आत आल्यावर ती जरा थबकली. त्या कोपऱ्याकडे बघितलं, मग पहिल्या रांगेत बसली. नऊ मुलं आज आली नाहीत, घरच्यांनी ठेवून घेतली. घागरी मात्र आल्या. त्या कुणी पाठवल्या हे विचारलं नाही.

सुट्टीत ती सरळ रांजणापाशी गेली. झाकण काढलं, ओगराळं बुडवलं, तोंड वर करून पाणी प्याली. सगळे बघत होते. आज भिंतीकडे कुणीच बघत नव्हतं. तिनं पुन्हा ओगराळं भरलं आणि तसंच धरून उभी राहिली.

गुणा पुढं गेली, ओंजळ धरली. मग दोघं-तिघं. शिवप्पा पायरीपर्यंत गेला, मागं फिरला, लिंबापर्यंत जाऊन परत आला आणि तिच्यासमोर ओंजळ धरून मान खाली घातली. तिनं त्याला पाणी दिलं. थेंब सांडला नाही. अकरा पोरं प्यायली. बाकीची तहानलेलीच राहिली, उद्याचं उद्या.

रांगेत शेवटी मी होतो. ओंजळ पुढं केली. तिनं माझ्या ओंजळीवरून पलीकडे अंगणाकडे पाहिलं, ओगराळं झाकणावर ठेवलं आणि आत गेली. रांजणात पाणी होतं. घ्यायचं तर मला घेता आलं असतं. मी घेतलं नाही.

नंतर हजेरी घेतली. प्रत्येक नावाला मान वर करून. तेवीस नंबरला कुणी खोकलं नाही.

"हजर," ती म्हणाली, माझ्या मागच्या फळ्याकडे बघत.

गुळाचा डबा तिच्या घरी आहे. उद्याही रांगेत शेवटी उभा राहणार आहे.